सात स्पोकांचं अंतर

ज्यांच्या घरात लेकराचा खालचा जबडा मागं राहिलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. मी चौथी शिकलोय आणि शिरूर कासारला चाळीस वर्षं सायकलचं दुकान चालवलंय, तेव्हा इथं शुद्ध भाषा शोधू नका. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आबा, तुम्ही लिहा, माझ्यापेक्षा लोक तुमचं ऐकतील. मी हसलो. पण मी जे बघितलंय ते सांगायला मला रस्त्यानं जाणारा माणूस थांबवावा वाटतो. हाड वाढताना बघितलंय मी. माझ्या हातानं वाढवलंय.

पोर

वैशाली माझी नात. महादू माझा एकुलता पोरगा, त्याची ही थोरली. महादू आणि त्याची बायको शोभा दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, ते पाडव्याला परत. ते सहा महिने वैशाली आमच्याजवळ, म्हणजे माझ्या आणि गिरजाच्या. गिरजा माझी बायको.

वैशालीला हनुवटी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. खालच्या ओठाखाली सरळ गळाच सुरू व्हायचा. वरचे दात पुढं, खालचे कुठंतरी आत. शाळेतली पोरं तिला चिमणी म्हणायची. ती घरी कधी सांगायची नाही, तिच्या मैत्रिणी सांगायच्या. भाकरी ती दाढांनी चावायची, पुढच्या दातांनी तिला काहीच तोडता यायचं नाही. आईबाप सहा महिने ऊस तोडणारे आणि पोरीला उसाचं कांडं सोलता येत नव्हतं. पाडव्याला महादू उसाची मोळी आणायचा. गल्लीतली पोरं ओट्यावर चोथा थुंकत बसायची आणि ही आजीपुढं बसायची. गिरजा स्वतःच्या दातांनी साल काढायची, विळीवर बारीक तुकडे करायची आणि एकेक तिच्या हातावर ठेवायची.

हे झालं दिसणारं. न दिसणारं झोपेतलं. झोपली की ती घोरायची, तरण्या गड्यासारखी. मग घोरणं एकदम बंद. काहीच आवाज नाही. मग विहिरीच्या तळातून वर आल्यासारखी हिसका देऊन श्वास घ्यायची. गिरजा तिच्याजवळ निजायची आणि आवाज थांबला की तिला कुशीवर वळवायची. वर्षानुवर्षं केलं तिनं हे. मी भिंतीकडं तोंड करून झोपायचो. दिवसा पोर वर्गात डुलक्या घ्यायची आणि मास्तर तिला ढ म्हणायचे.

गिरजाच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. वैशाली सहा महिन्यांची असताना झोळीतून पडली. गिरजा तेव्हा चुलीपुढं होती. हनुवटीला खोक पडली. गिरजाचं म्हणणं, माझ्या हलगर्जीपणानं पोरीचं तोंड असं झालं. मी तिला कधी नाही म्हटलं नाही. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं, आणि एकदा भांडणात मी ते बोलून दाखवलं.

पोरीला मोठ्या डॉक्टरला दाखवा, असं ती दरसाल म्हणायची. माझं उत्तर ठरलेलं. "देवानं दिलेलं तोंड हाय. डाक्टर काय त्याला पान्यानं आवळणार हाय का?"

ते वाक्य माझ्याच तोंडावर कसं उलटलं ते पुढं कळेलच.

वैशाली आठवीला जायची होती त्या उन्हाळ्यात गिरजा गेली. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, पंधरा दिवसांत आटोपलं. शेवटी तिला बोलवत नव्हतं. नुसती वैशालीकडं बघायची आणि मग माझ्याकडं. तेरावा झाला आणि मी वैशालीजवळ अंथरूण टाकलं. पहिल्याच रात्री तिचा आवाज थांबला तसा मी उठून बसलो. गिरजा इतकी वर्षं काय करत होती ते मला तेव्हा कळलं. आठ दिवस मी धड झोपलो नाही. नवव्या दिवशी पोरीला घेऊन बीड गाठलं.

काय आहे ते कळलं तो दिवस

बीडला एकानं टॉन्सिल म्हणून गोळ्या दिल्या. त्यानं काही झालं नाही. पावसाळ्यात पुन्हा गेलो, तेव्हा एका दातांच्या डॉक्टरनं तिला समोरून न बघता बाजूनं बघितलं आणि म्हणाला, हे इथलं काम नाही. त्यानं पुण्याची चिठ्ठी दिली. मी, वैशाली आणि शोभा एसटीनं नगरमार्गे पुण्याला गेलो.

डॉक्टरीणबाई बारक्या चणीच्या, पण आवाज खणखणीत. फोटो काढले, एक्स-रे काढले, दातांचे चुन्यासारखे पांढरे ठसे घेतले. एक रात्र वॉर्डात ठेवून पोरीच्या बोटाला चिमटा लावला आणि झोपेतला श्वास मोजला. सकाळी आम्हाला समोर बसवलं. म्हणाल्या, जबडा लहान म्हणून जिभेला जागा नाही. झोपेत जीभ मागं पडते आणि घसा बुजवते. असंच चाललं तर पुढं हृदयावर ताण येईल. थांबण्यात अर्थ नाही.

मी विचारलं, "झोळीतून पडल्यानं झालं का हे?"

त्यांनी उलट विचारलं, तान्ही असताना दूध ओढायची का? शोभा म्हणाली, ओढताच येत नव्हतं, बोंडल्यानं पाजलं. बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "मग जबडा जन्मतःच लहान होता. जुनी मोड कुठंच दिसत नाही. पडण्याचा याच्याशी काही संबंध नाही."

मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "आजोबा, कुणाच्या हातून पडली होती?"

"कुणाच्या न्हाई," मी म्हणालो.

शोभानं पदर तोंडाला लावला. हे जिच्या कानावर घालायला पाहिजे होतं तिला जाऊन चार महिने झाले होते. ही गोष्ट मी इथं एवढीच लिहितो.

तीन रस्ते

आता नीट वाचा, कारण हे तुम्हालाही कुणीतरी सांगेल आणि घाबरल्यामुळं तुमच्या ध्यानात राहणार नाही.

पहिला रस्ता नुसत्या हनुवटीचा. हनुवटीच्या हाडाचा पुढचा तुकडा आडवा कापून पुढं सरकवतात आणि पट्टीनं बसवतात. बाजूनं चेहरा चांगला दिसतो. जबडा मात्र तेवढाच राहतो आणि दात होते तिथंच. मी म्हणालो, म्हणजे वाकड्या फ्रेमला नवा मडगार्ड. बाई म्हणाल्या, ज्याचं थोडंच मागं आहे त्याला तेवढं पुरतं, हिला नाही पुरणार.

दुसरा रस्ता अख्खा जबडा सरकवण्याचा. दाढांच्या मागं दोन्ही बाजूंनी हाड उभं चिरतात, एकाला एक चिकटलेल्या दोन फळ्या सरकवाव्या तसं पुढं घेतात आणि त्याच दिवशी पट्ट्या-स्क्रूनं आवळून टाकतात. एका दिवसात काम. पण हे वाढ पुरी झाल्यावर करतात, सतरा-अठराव्या वर्षी. वैशाली तेरा वर्षांची. शिवाय हिचं अंतर एवढं की एका दमात ओढलं तर मांस आणि कातडी त्याला पुन्हा मागं खेचतील.

तिसरा रस्ता ऐकताना मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. दोन्ही बाजूंनी हाड कापायचं, पण सरकवायचं नाही. गालांतून खिळे घालून दोन्हीकडं बाहेर एकेक दांडी बसवायची. दांडीला आटे, आट्यांवर नट. सहा दिवस थांबायचं. मग रोज सकाळी एक फेरा, संध्याकाळी एक फेरा. एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर, दिवसाला एक.

"आन् मधी जी फट पडंल, त्यात काय भरता?" मी विचारलं.

"काही नाही. तिथं नवं हाड येतं."

"कुणाचं?"

"तिचंच."

मी म्हणालो, बाई, लोखंड असं वाढलं असतं तर मी आज कारखानदार असतो. हाडाला कळतं कसं वाढायचं? त्या हसल्या. म्हणाल्या, मलाही नीट सांगता येणार नाही, पण हळू ओढलं की ते येतं. आमच्याकडं हे नवीनच आहे, थोडीच पोरं झालीत. मला ते आवडलं. नवीन आहे म्हणून सांगणारा मिस्त्री खोटं बोलत नाही.

धोकेही सांगितले. खिळ्यांच्या जागी पू होऊ शकतो, गालावर व्रण राहतील, खालचा ओठ बधिर होऊ शकतो, मोठेपणी पुन्हा थोडं काम करावं लागेल. आणि एक गोष्ट त्यांनी बोट वर करून सांगितली. फिरवणं मध्येच थांबलं तर लेकराचं हाड पटकन धरतं. मग सगळं वाया, आणि पुन्हा कापायचं.

वैशालीनं दोनच गोष्टी विचारल्या. दुखंल का? बाई म्हणाल्या, दुखेल, रोज थोडं. "आन् मंग ऊस सोलता यील का?"

"पाडव्यापर्यंत कडक काही खायचं नाही," बाई म्हणाल्या. "पाडव्याला सोल आणि मला कळव."

घरातलं भांडण

ऑपरेशनची तारीख मिळाली ती पितृपाठातली. गल्लीतल्या बायकांनी आधी शोभाला घाबरवलं, मग शोभा माझ्यावर आली. सासूला वर्षसुद्धा झालं नाही, पित्तरपाटात कुणी पोरीला कापतं का? महादू म्हणाला, दादा, पुढल्या साली बघू, मुकादमाला शब्द दिलाय, टोळी निघायचीय.

मी तोडून बोलणारा माणूस. म्हणालो, पित्तरपाटात तुझी सासू येणारच हाय जेवायला. तिच्या देखतच होऊ दे.

सामान बांधताना शोभा म्हणाली, "मामा, तोंडात खिळे मारलेली पोर मी फडात नेऊ कशी आन् इथं ठिवू कशी?" तिचं ते बोलणं मला अजून आठवतं. तुमच्या घरातली बाई असं बोलली तर तिला अडाणी म्हणू नका. तिला भीती मोजता येते, आपल्याला येत नाही.

वॉर्ड

पोरीला आत नेलं तेव्हा सकाळ होती आणि बाहेर आणलं तेव्हा शाळा सुटायची वेळ. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, नाकात नळ्या, दोन्ही गालांतून लोखंड बाहेर. महादू बघून भिंतीला टेकून खाली बसला. शोभा बसली नाही. ती खाटेच्या पायथ्याशी गेली आणि पोरीचे पाय दाबायला लागली, कारण तेवढाच भाग ओळखीचा होता.

वॉर्डाचं घड्याळ वेगळं असतं. पहाटे ताप मोजायचा, मग सुई, मग झाडू, मग बाईंची फेरी, मग दिवसभर काही नाही. वैशालीला बोलता येईना, ती पाटीवर लिहायची. पहिल्या दिवशी लिहिलं "पाणी". दुसऱ्या दिवशी लिहिलं "आरसा". शोभानं आरसा दिला नाही. मी दिला. तिनं बराच वेळ बघितलं आणि लिहिलं, "सायकल".

शेजारच्या खाटेवर गेवराईकडची एक बाई होती, तिच्या पोराचा जबडा नव्या फटफटीवरून पडून मोडला होता. तिनं आम्हाला भरवायचं शिकवलं. सुई काढलेल्या सिरिंजला रबरी नळीचा तुकडा लावायचा, ती गालाच्या कडेनं मागं न्यायची आणि पातळ आंबील हळूहळू सोडायची. डाळीचं पाणी, शेंगदाणे वाटून केलेलं दूध, केळ कुस्करून गाळलेलं. दर वेळी चूळ. हे नर्सनं सांगितलं नव्हतं. देवमाणूस म्हणतात तो असाच असतो, शेजारच्या खाटेवर, स्वतःचं दुखणं घेऊन आलेला.

सातव्या दिवशी डॉक्टरीणबाई चावी घेऊन आल्या. बोटभर लांबीची, माझ्या स्पोकाच्या चावीची जणू धाकटी बहीण. नटावर त्यांनी लाल खूण केली होती. डावीकडचा पहिला फेरा त्यांनी दिला, मग म्हणाल्या, घरी कोण करणार? शोभानं मान फिरवली. मी हात पुढं केला.

त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात कापेल. पण चाकाचा आऊट काढणं, डुलणारं चाक स्पोक आवळून सरळ करणं, म्हणजे दुसरं काय असतं? पाव आवळा, थांबा, समोरचा तेवढाच आवळा, डोळ्यांनी बघा. एका बाजूला जास्त ओढलं की चाक वाकडं. उजवीकडचा फेरा मी दिला, खुणेला खूण लावून. बाई माझ्या बोटांकडं बघत होत्या.

"कुठं शिकलात?"

"चाळीस वर्सं पोरं पंक्चर घिऊन येत्यात, तिथं."

दुसऱ्या दिवशीही मीच फिरवलं. मग त्या म्हणाल्या, वॉर्डात खाटा कमी आहेत, दर आठवड्याला दाखवायला आणणार असाल तर घरी न्या. पान्यानं आवळायचं वाक्य मला तेव्हा आठवलं. मान खाली घालून मी चावी खिशात टाकली.

सात स्पोक

घरी आलो ती घटस्थापना. महादू-शोभाला निघायला अजून अवकाश होता. आणि मी, लाज सोडून सांगतो, लई खुशीत होतो. गिरजा गेल्यापासून मला सकाळी उठायचं कारण नव्हतं. दुकानही तसंच झालं होतं, हप्त्यावर फटफट्या आल्या आणि सायकल कुणाला नको झाली. आता मात्र कोंबडा आरवायच्या आत मी चावी उकळत ठेवायचो.

मोजायचं कसं, ही मोठी अडचण. मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. मग मला सुचलं. पुण्याला जाण्याआधीच मी एकदा गंमत म्हणून मोजलं होतं, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये सात नवे स्पोक एकाला एक लावून बसत होते. एक स्पोक दोन मिलिमीटरचा. म्हणजे दोन दिवसांत एक स्पोक कमी व्हायला पाहिजे.

आणि व्हायला लागला. घरी पोचलो त्या दिवशी सहाच बसले. उकळून पुसलेले स्पोक मी एकेक लावायचो आणि वैशाली बोटांनी आकडा दाखवायची. पाच. मग चार. दुकानापुढं माणसं जमायला लागली. चौसाळ्याहून माझा साडू मुद्दाम आला बघायला. म्हणाला, "काय बे, पोरीचा रेडिओ केलास का, कान पिळून आवाज वाढवतूस?" वैशालीला हसू आलं आणि हसताना दुखलं, मग तिनं त्याला पाटी फेकून मारली.

एका दुपारी ती दुकानात बाकड्यावर उताणी झोपली होती. मी पाना चालवत होतो आणि मध्येच मला काहीतरी चुकल्यासारखं झालं. आवाज नव्हता. मी धावत जाऊन तिच्या नाकापुढं हात धरला. ऊन, सारखा, शांत श्वास. उताणी झोपून. मी तिथंच उभा राहिलो, हातात पाना तसाच. गिऱ्हाईक म्हणालं, मिस्त्री, ट्यूब. मी म्हणालो, थांब की लेका जरा.

इथंच माझं डोकं फिरलं. जमतंय म्हटल्यावर माणूस बेफिकीर होतो.

खंडेनवमी

आमच्या धंद्यात खंडेनवमीला हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. एकदा हळद-कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. उचललं तर ते वर्षभर हाताला लागतं, ही आमची समजूत. गिरजाला जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून त्या साली गोडधोड केलं नाही, पण हत्यारांना हळद-कुंकू चुकवत नाहीत.

यावरून एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. खूप वर्षांमागं अशाच खंडेनवमीला सरकारी नर्सबाई दारात आली. सायकलची हवा गेलेली, वाडीवर एक बाई अडलेली. मी म्हणालो, आज हत्यार उचलत नाही. गिरजा आतून आली, पाटावरचा पंप उचलला, कुंकवासकट, आणि हवा भरून दिली. मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही.

तर त्या खंडेनवमीला सकाळचा फेरा देऊन झाला होता. दोन स्पोकांचं अंतर राहिलं होतं. मी पाने मांडले, पंप मांडला, महादूनं त्याचा आणि शोभाचा कोयता मांडला. आणि सगळ्यांच्या मधोमध मी ती बोटभर चावी ठेवली. तिला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. त्या साली माझ्या घरात तिच्याहून मोठं हत्यार नव्हतं.

संध्याकाळी वैशाली स्टुलावर येऊन बसली, तोंड वर करून. मी म्हणालो, आज न्हाई, उद्या सोनं लुटलं की फिरवू.

"बाई रोज म्हणल्यात," ती दातांतून बोलली.

मी म्हणालो, एक दिवस हाडालाही इसावा. महादूनं माझीच री ओढली, कोयते त्याच पाटावर होते आणि हंगाम तोंडावर होता. शोभा भाकरी थापत होती. ती मागं न बघता बोलली.

"मामा, हत्यार कोणतं आन् दवा कोणती, येवढं तरी बघा."

मी तिच्यावर खेकसलो. वैशाली स्टुलावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही चावी पाटावरच.

दसऱ्याचं सोनं लुटून आलो, चावी धुतली, उकळली, नटाला लावली. डावीकडचा नट फिरेना. उजवीकडचा फिरेना. मी जोर वाढवला तशी पोर स्टुलासकट मागं सरकली. दुकानात नट अडकला तर रॉकेल सोडतात आणि हातोडी मारतात. इथं काय मारू?

चावी शोभाच्या हातात दिली आणि चौकातल्या एसटीडी बूथकडं पळत सुटलो. माणसं आपट्याची पानं पुढं करत होती, मी कुणाची घेतली नाहीत. काचेच्या खोक्यात उभा राहून डॉक्टरीणबाईंच्या घरचा नंबर लावला. किती फेरे चुकले, त्यांनी विचारलं. म्हणालो, दोन. का? खरं ते सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, हाड धरायला लागलंय. आत्ता जाऊन एकच फेरा द्या, पाव-पाव करून, थांबत थांबत. तिला खूप दुखेल. फिरला तर ठीक. नाही फिरला तर मिळेल त्या गाडीनं निघा, पुन्हा भूल द्यावी लागेल, कदाचित पुन्हा कापावं लागेल.

मी विचारलं, चुकलेले दोन फेरे पण आत्ताच देऊन भरून काढू का?

"अजिबात नाही. एकदम ओढलं तर मधलं कोवळं हाड फाटेल. राहिलेलं राहू द्या, आबा. आजचं तेवढं करा."

घरी आलो. शोभा पाठीमागं उभी राहिली, पोरीचं डोकं छातीशी धरून. महादू दारातून आत येईना. मी चावी लावली आणि फिरवायच्या आधीच परत काढली. वैशालीनं डोळे उघडून बघितलं.

"आबा, चाक समजा."

मी म्हणालो, "चाक असतं तर नवं टाकलं असतं."

पाव फेरा दिला. काही नाही. अजून रेटा दिला, श्वास धरून, आणि बोटांना कळलं. टक. आवाज नव्हे, नुसती जाणीव, गंजलेला आटा सुटतो तशी. पोरीच्या डोळ्यांतून पाणी खळाखळा वाहिलं, पण तिनं एक बोट वर केलं. पुढचा पाव. मग पुढचा. डावी झाली, उजवी झाली. खुणेला खूण लागली तेव्हा शोभानं पोरीचं डोकं सोडलं आणि दारातून महादू आत आला.

नंतर मी पाटावरचा पंप उचलून भिंतीला टेकवला. त्या सालापासून पंप मी पूजेत मांडत नाही. खंडेनवमीला तो बाहेर ओट्यावर असतो, ज्याला हवा भरायची त्यानं भरावी.

पुढं

कोजागरीच्या आधी एकही स्पोक बसेना. दातावर दात. टोळी निघाली तेव्हा शोभानं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून असं बघितलं जसं नवं भांडं बघतात, आणि ट्रकमध्ये चढली. नवं हाड पक्कं व्हायला लोखंड अडीच महिने तसंच राहिलं, मग पुण्याला काढलं. गालांवर दोन-दोन व्रण आहेत. खालचा ओठ डावीकडं थोडा बधिर आहे, आंबील सांडली तर कळत नाही. वैशाली वर्गात झोपत नाही. अजून ढच आहे, पण जागी.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. लेकराला झोपेत बघा, जागेपणी फसाल. डॉक्टरला तिन्ही रस्ते विचारा आणि कळलं नाही तर परत विचारा, मी तिसऱ्यांदा विचारलं होतं. खिळ्यांच्या जागा दिवसातून दोनदा उकळलेल्या पाण्यानं पुसा. चावी देवापुढं ठेवू नका. आणि घरातली बाई दरसाल एकच गोष्ट सांगत असेल तर ती ऐका, ती आहे तोवर.

पाडव्याला महादू आणि शोभा आले, ट्रकमधून मोळी उतरली. गल्लीतली पोरं ओट्यावर बसली. वैशालीनं एक कांडं उचललं, आधी आडवं धरलं, मग उभं. तिला धरायचं कसं ते माहीत नव्हतं. मग पुढच्या दातांत साल पकडली आणि खाली ओढली. सर्र करून लांब पट्टी निघाली. तिनं दुसरी ओढली, तिसरी ओढली, कांडं पांढरं स्वच्छ झालं.

मला वाटलं आता खाईल. ती उठली, विळी घेऊन माझ्यापुढं बसली. माझ्या तोंडात एकही दात नाही, हे सगळ्या शिरूरला माहीत आहे. तिनं बारीक तुकडे केले आणि एकेक माझ्या हातावर ठेवत गेली.

"चोखा," ती म्हणाली. "अजून लई हाय."